ओठ गोंदवले त्या संक्रांतीला

माझे ओठ काळे आहेत. बत्तीस वर्षं सिगारेट ओढली की होतात तसे, गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे. सिगारेट सुटून सहा वर्षं झाली, पण ओठांना कुणी ते कळवलेलं नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी अवर सचिव आहे. वरून निघालेला आदेश खाली पोहोचत नाही हे मी रोज पाहतो, त्यामुळे ओठांवर फार चिडण्याचा अधिकार मला नाही. तरीही मी चिडायचो, आणि त्याला कारण माझे वडील होते.

वडील सत्याऐंशीचे आहेत. तेही केंद्र सरकारातच होते. विशीत नोकरीसाठी साताऱ्याहून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. आता मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मी एक सिगारेट संपवली, पाकीट कचऱ्यात टाकलं, वर आलो आणि त्यांना सांगितलं की आजपासून बंद. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या ओठांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

तेव्हापासून एक रिवाज पडला. संध्याकाळी मी ऑफिसातून येतो, बूट काढतो, आणि खुर्चीतून प्रश्न येतो, "आज किती?" मी म्हणतो, "शून्य, बाबा." ते ओठांकडे बघतात आणि म्हणतात, "बरं." हे 'बरं' ज्याने ऐकलं नाही त्याला मी समजावून सांगू शकणार नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने मेट्रो बंद पडली म्हणून उशीर झाला असं सांगितलं की मीही त्याला असंच 'बरं' म्हणतो. सहा वर्षं रोज खरं बोलायचं आणि रोज खोटं ठरायचं, हा माझा दिनक्रम झाला होता. वडील असताना एकदा तरी त्यांना माझं म्हणणं पटावं, एवढीच माझी इच्छा होती. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला पदोन्नतीची इच्छा असावी, माझी ही होती.

मुलगी गुरुग्रामला एका काचेच्या टॉवरमध्ये नोकरी करते आणि तिथेच राहते. तिच्यापाशी एकदा हे रडगाणं गायलो, तर तिने लगेच मोबाइलवर चार फोटो दाखवले. काळे ओठ, मग तेच ओठ गुलाबी. ओठांत सुईने रंग भरतात, मशीनने, म्हणजे टॅटूच. "बाबा, यार, पुरुषपण करतात. बिल्कुल नॅचरल दिसतं," ती म्हणाली. हे तर गोंदणं झालं, असं मी म्हटलं. गोंदणं म्हणजे काय, असं तिने विचारलं. पोर दिल्लीत वाढली याची खंत करत बसण्याची ती वेळ नव्हती, कारण मी तोपर्यंत मनातल्या मनात आरशासमोर उभा होतो. संध्याकाळी घरी आलोय, वडील गुलाबी ओठांकडे बघतायत, आणि त्यांचं 'बरं' या वेळी निराळं ऐकू येतंय.

जानेवारीतल्या एका शनिवारी मुलीने मला असं काम करणाऱ्या एका स्टुडिओत नेऊन बसवलं. ओठांना रंग भरणारी मुलगी कानपूरची होती, माझ्या मुलीच्याच वयाची. तिने माझ्या चेहऱ्यावर दिवा धरला आणि बराच वेळ मिशीकडे पाहिलं. माझी मिशी झुपकेदार होती आणि वरच्या ओठावर झडपेसारखी पडायची. ओठ झाकले जावेत म्हणून मीच ती तशी वाढवली होती. "अंकल, मूंछ तो हटानी पड़ेगी," ती म्हणाली. तिचं म्हणणं होतं की रंग भरल्यावर ओठ म्हणजे ओली जखम. केस तिच्यावर लोंबले, मलमात चिकटले, की जखम चिघळणार. शिवाय एकदा काम झालं की दहा दिवस ओठांच्या आसपास वस्तरा नाही, फेस नाही, कलप नाही. गालावर ट्रिमर चालेल, पण ओठाजवळ वाढेल ते वाढू द्यायचं.

मी 'हटा दो' म्हणालो. त्यासाठी मला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. मंत्रालयात साधी खुर्ची बदलायची तरी मी फाइलवर तीन शेरे मारतो. आणि आमच्या घराण्यात पुरुष मिशी एकदाच काढतो, बाप गेल्यावर, हे मला पाळण्यातल्यापासून माहीत होतं. माझे आजोबा गेले तेव्हा वडील दिल्लीत होते. गाडी पकडून साताऱ्याला पोहोचेपर्यंत सगळं आटोपणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून यमुनेच्या काठावर एका अनोळखी न्हाव्याकडून मिशी उतरवून घेऊन मगच ते गाडीत बसले. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. त्या शनिवारी ती मला आठवली ती घरी परतताना, मेट्रोत, खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिल्यावर.

काचेत जो माणूस होता त्याची मिशी गायब होती आणि ओठ सुजून केशरी झाले होते. केशरी म्हणजे अगदी जिलबीचा रंग. काळ्यावर मात करायला आधी केशरी भरावा लागतो, पंधरा दिवसांत उतरेल, असं त्या मुलीने सांगितलं होतं. मी मास्क वर ओढला. दिल्लीच्या हवेचे माझ्यावर अनेक अपकार आहेत, पण त्या थंडीत तिने माझी लाज राखली. निम्मी मेट्रो मास्क लावून बसली होती, त्यामुळे माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही.

बायकोला सगळं आधीच माहीत होतं. तिने दार उघडलं, मी मास्क खाली केला, आणि तिचा चेहरा पडला. ओठांबद्दल ती काही बोलली नाही. "अहो, मिशी?" एवढंच म्हणाली, आणि बाल्कनीच्या दिशेने बघून तिने माझा मास्क स्वतःच्या हाताने वर केला.

वडिलांना सांगितलं की घशाला संसर्ग झालाय, तुम्हाला लागू नये म्हणून मास्क. मग सुरू झाली माझी चोरटी दिनचर्या. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायचं. जेवायचं म्हणजे मऊ भात आणि कोमट दूध, तिखट वर्ज्य. चहा गार करून नळीने. दर दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन कापसाच्या काडीने मलम. चौथ्या दिवशी ओठांची सालं निघायला लागली. ती ओढायची नाहीत अशी सक्त ताकीद होती. आणि वरच्या ओठावर खुंट उगवले, पांढरे. कलप लावून लावून मला स्वतःलाच विसर पडला होता की माझी मिशी आता पांढरी आहे. गालांवर ट्रिमर चालला असता, पण तो चुकून ओठाला लागेल या भीतीने गालही तसेच सोडले. ज्या चेहऱ्यावर मी एवढा खटाटोप केला होता तो एखाद्या घरदार सोडलेल्या माणसाचा दिसायला लागला. संध्याकाळचा प्रश्न मात्र चुकला नाही. "आज किती?" मी मास्कच्या आतून म्हणायचो, "शून्य." ओठ दिसत नसल्यामुळे ते मास्ककडे बघायचे आणि म्हणायचे, "बरं."

आमच्या मराठी मंडळाची दर संक्रांतीला पानिपतला बस जाते. काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाशी जायचं, हुतात्म्यांना मानवंदना द्यायची, तिळगूळ वाटायचा आणि परत यायचं. तीसेक वर्षं ही सहल वडिलांनी नेली. पाय थकले तेव्हा बसमधला माइक माझ्या हाती आला. या वर्षी केशरी ओठांनी माइक धरणं शक्य नव्हतं. मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं की घरगुती कारणामुळे पुढचे दहा दिवस मला कुठेही येता येणार नाही, क्षमस्व. लिहून ग्रुपचा आवाज बंद करून टाकला. सरकारी मसुदे लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही असं मला वाटतं. त्यात दहा दिवस लिहायची काही गरज नव्हती, हे त्या वेळी मला सुचलं नाही.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मेट्रोतून उतरलो तर ओठ तडतडत होते. स्टेशनच्या जिन्याखाली एका कोपऱ्यात मास्क काढला आणि कापसाची काडी फिरवायला लागलो. धुरामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डोक्यावर कानटोपी. समोरून मंडळाचे कार्यवाह आले. सत्तरीचे गृहस्थ, वडिलांना गुरू मानणारे. माझ्यासमोर थांबले आणि बघत राहिले. नाहीशी झालेली मिशी, वाढलेली दाढी, डोळ्यांत पाणी. मी शरमेने मेलो आणि म्हणालो, कृपा करून कुणाला सांगू नका. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, मान हलवली आणि निघून गेले. किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. एखाद्याने ओठ रंगवले म्हणून त्याची टिंगल करायची नाही, याला संस्कार लागतात.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन फोन येऊन गेले. मी घेतले नाहीत, कारण सुजलेल्या ओठांनी 'प' आणि 'ब' नीट निघत नव्हते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी बाथरूममध्ये मलम लावत होतो आणि बायको गुळाच्या पोळ्या करत होती. बेल वाजली. वडील काठी टेकत गेले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कार्यवाह, त्यांच्या पत्नी आणि मंडळाचे आणखी दोघे उभे होते, पानिपतच्या बसमधून उतरून, वाटेत कार्यवाहांच्या घरी थांबून आलेले. पत्नींच्या हातात झाकलेला डबा होता.

पुढचं मी बाथरूमच्या दारातून ऐकलं. वडील म्हणाले, या, या, तिळगूळ घ्या. कुणी आत येईना. मग वडिलांनी वास घेतला असावा. त्यांचं नाक अजून तल्लख आहे आणि पिठलं हा त्यांचा जीव की प्राण. आमच्यात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं आहे.

"संक्रांतीला पिठलं? कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

कार्यवाहांनी पत्नीकडे पाहिलं. त्यांच्या पत्नी सरळमार्गी बाई. त्या म्हणाल्या, "तुम्ही, काका."

मी तसाच बाहेर आलो. मास्क घ्यायचा राहिला होता. पाच माणसं माझ्याकडे वळली आणि माझं सालं निघालेलं केशरी तोंड मलमाने चकाकत सगळ्यांसमोर उभं राहिलं. पानिपत झालं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी घरबसल्या कळलं.

सगळा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. कार्यवाहांची बाजू अगदी चोख होती. एकीकडे ग्रुपवर दहा दिवसांचा निरोप, दुसरीकडे उतरवलेली मिशी, वर कुणाला न सांगण्याची विनवणी. ऐन सणावर विरजण नको म्हणून मी बापाचं जाणं पोटात ठेवलं, असा त्यांनी अर्थ लावला होता आणि त्यांना माझा अभिमानही वाटला होता. एक दिवस त्यांनी खरोखर कुणाला सांगितलं नाही. काला अंबला मात्र राहवलं नाही. मानवंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून वडिलांना श्रद्धांजली वाहिली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. वडील मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. कोण कोण बोललं ते त्यांनी विचारलं. कोण रडलं तेही विचारलं. शांतता किती वेळ पाळली असं विचारल्यावर कार्यवाह खाली मान घालून दोन मिनिटं म्हणाले.

"आणि पानिपतात पडलेल्यांना?"

"त्यांनाही दोनच."

वडिलांनी समाधानाने मान डोलावली आणि सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. पाहुणे उठले आणि दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं या सवयीने काही न बोलता बाहेर पडले. कार्यवाह अर्ध्या जिन्यातून परत आले, दारात उभं राहून 'येतो हं, काका' म्हणाले आणि गेले.

वडिलांनी पिठलं वाढून मागितलं. गुळाची पोळी बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या सुतकाचं पिठलं चाटूनपुसून खाल्लं, मीठ किंचित कमी आहे म्हणाले, आणि मला समोर बसायला सांगितलं. आता माझी सुनावणी आहे हे मला कळलं. चष्मा पुसून त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला. मी सोळा वर्षांचा असल्यासारखं सगळं भडाभडा सांगून टाकलं. स्टुडिओ, सुई, केशरी रंग. मिशी काढली ही घोडचूक झाली, माझ्या लक्षातच आलं नाही, माफ करा, असंही म्हणालो. त्यांनी हात पुढे करून माझ्या वरच्या ओठावरच्या पांढऱ्या खुंटांवरून बोट फिरवलं. तिथे दहा दिवस बोट लावायला बंदी होती, पण मी तोंड मागे घेतलं नाही.

"माझी मिशी काढलेली माझ्या वडिलांनी पाहिली नाही," ते म्हणाले. "कुणाचाच बाप पाहत नाही. मी पाहिली. बरा दिसतोस."

मग त्यांनी विचारलं, पण ओठांचं हे कशासाठी? मी सांगितलं, तुमच्यासाठी. सहा वर्षं रोज शून्य म्हणतोय आणि तुम्हाला पटत नाही, म्हणून. ते गोंधळले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"अरे, सोडलीस हे मला पहिल्याच महिन्यात कळलं," ते म्हणाले. "बाल्कनीतल्या कुंडीत थोटकं दिसायची बंद झाली. मी तिथेच तर बसतो."

"मग रोज का विचारता?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, हा विषय संपला.

"तू घरी येतोस आणि फोन घेऊन आत जातोस," ते म्हणाले. "एवढं विचारलं की थांबतोस. माझ्याकडे बघून उत्तर देतोस. दुसरं काय विचारलं तर थांबशील, ते मला सुचलं नाही."

बायको ताट उचलायला आली आणि दोघांकडे बघून परत आत गेली.

पुढे ओठांची सालं गेली, केशरी रंग गेला, महिनाभर ओठ बऱ्यापैकी तांबूस दिसले आणि मग हळूहळू काळेपणाकडे परत निघाले. दुसऱ्यांदा बसावं लागेल असं कानपूरच्या त्या मुलीने आधीच सांगितलं होतं. मी गेलो नाही. दहा दिवस उलटल्यावर नखं कापायची कात्री गरम पाण्यात उकळून बायकोने माझ्या मिशीची कड नीट केली, आणि वडिलांनी खुर्चीतून डावी बाजू, उजवी बाजू असं मार्गदर्शन केलं. मिशी पांढरीच ठेवली आहे. मंडळात मला अजून कुणी माइक दिलेला नाही.

संध्याकाळी मी येतो, बूट काढतो. "आज किती?" खुर्चीतून आवाज येतो. फोन मी बुटांच्या कपाटावर ठेवतो, स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसतो आणि सांगतो, "मोजावं लागेल, बाबा. सकाळपासून सुरुवात करू." मग मेट्रो कुठे अडली, साहेबांनी कुठली फाइल परत पाठवली, कँटीनमध्ये आज काय होतं, सगळं सांगत जातो. आकड्यापर्यंत यायला आम्हाला जेवायची वेळ होते.